गावात काही विकायचं नाही

१९ नोव्हेंबर

आजही अर्धाच गठ्ठा. कापलेले परकर, नुसते पांढरे आणि मरून. शेठचा माणूस म्हणाला, "माल उठत नाही ताई." तुळशीचं लग्न लागून गेलं, लग्नसराई तोंडावर आली आणि परकर उठत नाहीत? बायकांनी साड्या नेसणं सोडलं की काय! बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात आमच्या गल्लीत आम्ही पाचजणी शिवणाऱ्या. पाचही मशिनी दुपारीच गप्प.

ह्यांच्या लूमच्या कारखान्यात दुसरी पाळी बंद झाली. हे मुनीम, म्हणून ह्यांना ठेवलंय, पण पगार कधी होईल ते मालकालाही ठाऊक नाही. लवकर घरी येतात आणि चहा मागतात.

शेठच्या गोदामामागच्या खोलीत माणसं उतरलीत. नवरा, बायको, एक म्हातारा. सामान थोडं, पण बाईच्या भांगातला शेंदूर पार मागेपर्यंत. कोण, कुठले, कळेल.

२१ नोव्हेंबर

कळलं. पाकिस्तानातून आलेत, सिंधमधून. शेठच्या लांबच्या नात्यातले. समोरच्या शोभाने नळावर बातमी आणली. "हिंदू आहेत म्हणे. म्हणे तं म्हणे, कोणाले माहीत वं बाई." तिचंही चूक नाही. म्हातारा ओट्यावर बसून दर वाक्याला 'शुक्र है, शुक्र है' करतो. आपल्यातला म्हातारा असं म्हणतो का?

आमच्या प्राचीला विचारलं. ती बी.एड. करतेय, तिला जगातलं सगळं माहीत असतं. म्हणाली, "आई, वहाँ की बोली ही ऐसी है. तू पण नं, कुछ भी." तिकडे त्यांचं दुकान जाळलं म्हणे. मी म्हटलं, सांगतात ते सगळं खरंच असतं का? आपण कुठे बघायला गेलो होतो? प्रा. मोबाईल उचलून गच्चीवर गेली.

२५ नोव्हेंबर

शंका होतीच. त्या बाईचं नाव लाजवंती. तिला शेठने जुनी मशीन दिलीय आणि सोबत परकरांचा गठ्ठा. आमचा अर्धा गठ्ठा कुठे जात होता ते कळलं. माल उठत नाही म्हणे!

जेवताना हे म्हणाले, "शेठचे आजोबा फाळणीत असेच आले होते. ह्याच गल्लीत. बाबा सांगायचे." मी म्हटलं, तेव्हा तुमच्या बाबांच्या ताटातलं कोणी उचललं नव्हतं. वरण वाढायचं राहिलं, तेही त्यांनी मागितलं नाही.

२८ नोव्हेंबर

आज पाचहीजणी शेठच्या दुकानात गेलो. बोलणार कोण, तर मी. बाकीच्यांची दुकानाबाहेर तोंडं चालतात, आत गेलं की दातखीळ.

शेठ म्हणाले, "बैठो, बैठो, चाय मँगाता हूँ." म्हटलं, चहा नको, गठ्ठे पाहिजेत. शेठ म्हणाले, "मंगलाताई, ये लोग सब छोड़ के आये हैं. आप तो समझो." म्हटलं, समजते हो शेठ, पण मंदीत पुण्य तुम्ही करायचं आणि उपास आम्ही धरायचे, हे कसं काय? शोभाचा चेहरा असा फुलला!

मधेच ती लाजवंती मागून आली. पाणी आणि भाजलेले पापड. आलेल्याला असं द्यायची त्यांच्याकडची रीतच आहे, हे शेठच्या घरी पाहिलंय. पापडाला कोणी हात लावला नाही. मी पाणी तेवढं प्यायले, बोलून बोलून घसा कोरडा पडला होता.

शेवटी ठरलं. संक्रांतीपर्यंत लाजवंतीला परकराचं काम नाही. गठ्ठे पहिल्यासारखे आम्हा पाचजणींना. उठता उठता शोभाने कोपर मारलं. तिचा नवरा हातगाडीवर लेस, बटणं, नाड्या विकतो, तिला त्याची धास्ती. मी लगेच पुढचं घातलं, "आणि ह्यांच्या नवऱ्यानेही गावात काही विकायचं नाही." शेठनी कपाळाला हात लावला. ला.च म्हणाली, "ठीक है दीदी. शहर में कुछ नहीं बेचेंगे." लगेच म्हणाली. कुरकुर नाही, घासाघीस नाही. माणूस इतक्या पटकन कबूल होतो तेव्हा त्याच्या मनात दुसरंच काही असतं.

येताना शोभाने हात धरला. "ताई, तू होती म्हणून झालं." बरं वाटलं. स्वतःच्या वहीत लिहायला काय हरकत आहे, फार बरं वाटलं.

२ डिसेंबर

गठ्ठा पुरा. हिरवे, निळे, राणी रंगाचेसुद्धा. पाठ दुखेपर्यंत शिवलं.

६ डिसेंबर

काम नाही, धंदा नाही, तरी त्यांच्या खोलीतून रोज फोडणीचा वास येतो. नवरा, मोहन त्याचं नाव, मधूनमधून सकाळी थैली घेऊन निघतो तो दिवे लागल्यावर परततो. कुठे जातो? शेठच्या दुकानात नसतो, हे ह्यांना मुद्दाम पाहून यायला सांगितलं.

नळावर ला.ला सरळ विचारलं. "काम से जाते हैं दीदी." कसलं काम? "छोटा-मोटा." बस, पुढे नाही. तिच्या खिडकीच्या गजाला रंगीत दोरे ताणून बांधलेले असतात. ती बोटांनी त्यात काहीतरी करत बसते आणि मी समोरून गेले की पदर टाकते. झाकण्यासारखं नसेल तर माणूस झाकतो कशाला?

९ डिसेंबर

ला. आली. विरजण पाहिजे. तेही दिवेलागणीला! तिन्हीसांजेला विरजण कोणी घराबाहेर देतं का? सकाळी ये म्हटलं. तोंड एवढंसं करून गेली. माझी पाठ वळल्यावर प्रा. वाटी घेऊन गेलीच. वर मलाच म्हणते, "दही से लक्ष्मी जाती तो अपनी तो कब की चली गई." ही मुलगी एक दिवस घर वाटून टाकील.

सून म्हणून कोणाच्या घरी जाईल तेव्हा कळेल.

१३ डिसेंबर

नेपानगरहून वहिनीचा फोन. भावाच्या गुडघ्याचं सांगायला केला होता, पण मधे जे निघालं ते असं. तिकडच्या बाजारात एक माणूस बसतो, हाताने विणलेल्या नाड्या विकतो. गोंडे लावलेल्या, रंगीत, आपल्याकडे कधी पाहिल्या नाहीत अशा. वहिनीने दोन घेतल्या. बोलता बोलता कुठला विचारलं तर म्हणाला, बुऱ्हाणपूर, लोधीपुरा. वहिनी म्हणाली, तिथे तर आमच्या नणंदबाई राहतात, मंगलाताई. तर हा उठून उभाच राहिला आणि पैसे घेईना! "वो हमारी पड़ोसी हैं" म्हणाला.

म्हणजे थैलीत नाड्या. खिडकीत दोरे. घ्या.

वहिनीला मोठं कौतुक. मला नाही. पैसे का घेतले नाहीत? उगाच कोणी फुकट देतं का? माझ्या माणसांना गोड बोलून ठेवायचं, उद्या काही झालं तर कामाला येतील. आणि इथे गरिबीची कळा आणून पाणी-पापड देत फिरायचं. शोभाला सांगितलं. ती म्हणाली, "पाह्य! मी म्हणतच होती."

१७ डिसेंबर

पोलिसांकडून चौकशीला माणूस आला. साध्या कपड्यांत, बोलायला सभ्य. त्या तिघांच्या मुदतवाढीचे कागद आलेत, राहायची मुदत संपत आली, म्हणून शेजारीपाजारी विचारायचं असतं म्हणाला. मी आत बोलावलं. खुर्ची दिली, चहा केला. दाराशी शोभा आणि बाकीच्या उभ्या.

माणसं कशी आहेत? म्हटलं, भांडण नाही, तंटा नाही. खरं ते सांगितलं. कोण येतं-जातं? शेठ सोडून कोणी नाही. हेही खरं. मग विचारलं, शहराबाहेर जातात का?

म्हटलं, जातो ना. नेपानगरच्या बाजारात माल विकतो.

"आपने सुना है या देखा है?"

'ऐकलंय' म्हटलं असतं तर त्याने कप ठेवून पुढचं दार गाठलं असतं. सगळ्या बघत होत्या. म्हटलं, मी स्वतः पाहिलंय. मागच्याच बाजाराला. त्याने लगेच लिहून घेतलं, माझं पूर्ण नावही लिहिलं. "बयान के लिए बुलाएँगे, आना पड़ेगा." म्हटलं, येईन जबाब द्यायला, भिते की काय!

आता वहिनीने पाहिलं म्हणजे मी पाहिल्यासारखंच. घरातलीच गोष्ट. काही वेगळं नाही त्यात.

१९ डिसेंबर

सकाळी मोहनला बोलावून नेलं. दुपारी सोडलं, पण तिघांचे पासपोर्ट तिकडेच ठेवून घेतले. म्हातारा ओट्यावर नाही. आत असेल.

शोभा म्हणते, "जाईनात का आपल्या देशात."

त्यांचा देश कुठला, हे तिला विचारलं नाही. मलाही नीट सांगता आलं नसतं.

२० डिसेंबर

शेठ घरी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खुर्चीवर बसले, चपला बाहेर काढून. माझ्याशी नाही, ह्यांच्याशी बोलत होते, पण ऐकवत मला होते.

"उनके कागज पे सिर्फ बुरहानपुर शहर लिखा है भाऊसाहेब. बाहर पाँव रखना हो तो पहले परमिशन. अब लिखा जायेगा कि शर्त तोड़ी. मुद्दत नहीं बढ़ी तो वापस."

मी स्वयंपाकघरातून म्हटलं, मग गेला कशाला? माहीत नव्हतं का?

शेठ माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. "माहीत होतं, ताई. पर आपने बोला था ना, शहर में कुछ नहीं बेचना. घर में खाने वाले तीन. तो वो बाहर गया."

मी गावाबाहेर जा असं म्हटलं नव्हतं. असं मी कधीच म्हटलं नव्हतं. शेठलाही तेच सांगितलं. ते म्हणाले, हो, तसं नव्हतं म्हटलं.

मग मुद्द्यावर आले. बयान देताना म्हणा, ओळखण्यात चूक झाली, दुसराच कोणी असेल. बाकी कोणी त्याला तिथे पाहिल्याचं सांगितलेलं नाही, आणि मोहन काही बोललेला नाही. सगळं तुमच्या एकटीच्या शब्दावर आहे.

म्हणजे मी पोलिसांत खोटं बोलायचं? शेठचा जीव का खालीवर होतोय तेही कळतं मला. त्यांची जामीनकी शेठनी घेतलीय. पाहुण्यांपेक्षा स्वतःची मान सोडवायचीय. असेल, तसंच असेल.

२१ डिसेंबर

प्रा. भाकरी भाजता भाजता एकदम म्हणाली, "आई, तू नेपानगरला कधी गेली होतीस?"

म्हटलं, जाते की मामाकडे.

"दिवाळी के बाद तू स्टेशन तक भी नहीं गई. मग पाहिलं कधी?"

तवा खाली ठेवला. म्हटलं, तू मला विचारणार? हे पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटलं नाही. मग पेपरची घडी घालून म्हणाले, "बोललीस ते बोललीस. आता फिरलीस तर तुझ्यावरच येईल. मग म्हणतील, हिने खोटी साक्ष दिली. आणि खरं सांगितलं तर वहिनीला बोलावतील, ते आणखी वेगळं."

म्हणजे ह्यांनाही माहीत होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं आणि मी एकटीच छाती पुढे करून फिरत होते.

प्रा. जेवली नाही.

२२ डिसेंबर

सारखं डोक्यात तेच. शेठ म्हणतात चूक झाली म्हण, ते खोटं. हे म्हणतात तेच धरून ठेव, तेही खोटं. खरं एवढंच की मी काही पाहिलं नाही. सांगायला चार शब्द. पण तो माणूस विचारेल, मग पाहिलं म्हणून कशाला सांगितलंत? काय सांगू, शेजारणी दाराशी उभ्या होत्या म्हणून?

आणि पाहिलं नाही म्हणून तो गेला नव्हता असं थोडंच होतं? गेला तर होताच. नियम तर त्याने मोडलाच. मग माझं काय चुकलं?

एकच परकर दोनदा उसवला.

२३ डिसेंबर

ला. आली. मला वाटलं रडेल, पाया पडेल, शेठने शिकवून पाठवलं असेल. उत्तरं तयार ठेवली होती.

उंबऱ्याच्या आत आली नाही. म्हणाली, "दीदी, आपने उनको देखा था वहाँ, नेपानगर में?"

मी मान हलवली. कशी हलवली ते मलाच कळलं नाही, पण तिने 'हो' धरलं.

"तो बुलाया क्यों नहीं?"

मला कळेचना. ती म्हणाली, दिवसभर तिथे बसतात, ओळखीचं एक माणूस नाही. घरी येऊन म्हणतात, आज कोई नहीं बोला. तुम्ही हाक मारली असती तर किती खूश झाले असते. "इतने पास से गई होंगी आप. उनको बताया तो वो भी यही बोले, दीदी ने आवाज क्यों नहीं दी."

बस, एवढंच. तक्रार नाही. तिने माझं खोटं सगळंच्या सगळं खरं धरलं होतं आणि त्यातून तिला एवढंच दुखलं होतं. मी म्हटलं, गर्दी होती. म्हणाली, हाँ, बाजार में गर्दी तो होती है. आणि गेली.

दार लावून घेतलं आणि रडले. राग आला होता. कोणाचा ते लिहिता येत नाही.

की हाही डावच? इतकं साधं कोणी असतं का?

२५ डिसेंबर

उद्या बयानाला बोलावलंय.

आज शेठकडून दोन गठ्ठे आले. मागितले नव्हते. बाकी चौघींना एकेक. शोभाने ओट्यावरून पाहिलं आणि हसली नाही. "तुझी चंगळ आहे ताई." परत पाठवावे म्हटलं, तर माणूस ठेवून निघूनही गेला होता.

आता मी पाहिलं नाही म्हटलं तर गल्ली म्हणेल, शेठने गठ्ठे देऊन तोंड बंद केलं. पाहिलं म्हटलं तर शेठ म्हणतील, त्या बाईला हुसकून सगळं काम आपल्याकडे ओढलं. दोन्हीकडून एकच. आणि दुसरं कोणी असतं तर मीही तेच म्हटलं असतं, सगळ्यांच्या आधी.

हे म्हणाले, सोबत येऊ का? नको म्हटलं.

२६ डिसेंबर

पोलिसांच्या कचेरीत गेले होते. साहेब दौऱ्यावर. बाबू म्हणाला, बसा, येतीलही.

बाकावर मोहन होता. हजेरीला बोलावलं असावं. इतक्या जवळून पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान आहे, आमच्या धाकट्या दिराएवढा. मला पाहून उठला आणि जागा दिली. नको म्हटलं तरी उभाच राहिला. म्हाताऱ्याचं विचारलं. "बुखार है. शुक्र है, कम है."

बाबूने वर पाहून त्याला विचारलं, "ये कौन हैं, आपके साथ?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मोहनच म्हणाला, "हमारी गल्ली की हैं."

कोण कोणाच्या गल्लीतलं! लग्न होऊन आले तेव्हापासूनची ती माझी गल्ली, आणि हा चार दिवसांचा. एरवी तिथेच सुनावलं असतं. पण बाबू लिहीत होता, आणि ह्या माणसाला त्या अख्ख्या कचेरीत सांगण्यासारखं दुसरं ओळखीचं कोणी नव्हतं. मीच होते. जिच्यामुळे आला होता ती.

मी नाही म्हटलं नाही.

साहेब आलेच नाहीत. सोमवारी या म्हणाला बाबू, आम्हा दोघांनाही. बाहेर आलो. एकाच गल्लीत जायचं तर एकाच रिक्षात बसावं लागलं. सबंध रस्ता तो बाहेर बघत होता आणि मी माझ्या पिशवीकडे. गल्लीच्या तोंडाशी उतरलो तेव्हा शोभा ओट्यावर होती. तिने दोघांना पाहिलं आणि आत जाऊन दार लावलं.

सोमवारी साहेब विचारतील, आपने देखा था?

तेव्हा नाही. आज तर पाहिलंय.